उजवा पदर वर

वेशीचा शेवटचा खांब कोसळला तरी "कट" म्हणायचं कुणाला सुचलं नाही.

दिग्दर्शक कुरामोची सेन्सेई खुर्चीतून उठून उभे होते. डोक्यावरची टोपी आपण कधी काढली हे त्यांनाही कळलं नसावं. कॅमेऱ्यातली फीत संपून फडफडायला लागली तेव्हा कॅमेरामनने देवळात बोलावं तशा आवाजात "झालं" म्हटलं. उझुमासातल्या त्या स्टुडिओमागच्या मैदानावर सुतार होते, वीजवाले होते, जागच्या जागी मरून पडलेले शत्रू होते, पण एकाच्याही तोंडून शब्द फुटत नव्हता. मेलेल्यांपैकी एक जण पडल्यापडल्या रडत होता.

घडलं होतं ते असं. धूर. धुरातून पेंढ्याचं इरलं पांघरलेला एक भणंग सामुराई चालत येतो. समोर जळती वेस, वेशीपुढे तलवारी उपसून उभी असलेली माणसं. तो थांबतो, इरलं फेकून देतो, खाली बघतो आणि मग सावकाश वर बघतो. त्या वर बघण्यात असं काहीतरी होतं की समोरची माणसं चार पावलं मागे सरली. पटकथेत मागे सरणं नव्हतं. दोन घोडेही मागे सरले, आणि त्यांनी तर पटकथा वाचलीही नव्हती.

"हं," सेन्सेई म्हणाले.

जुन्या माणसांनी एकमेकांकडे पाहिलं. सेन्सेईंच्या तोंडून "हं" बाहेर पडल्याला बरीच वर्षं झाली होती. मधे एक महायुद्ध होऊन गेलं होतं.

कपडेपटातली फुसाएही रडत होती. तिच्या रडण्याला आणखी एक कारण होतं. सामुराई झालेल्या शिरायामा साहेबांना एकटीने नेसवण्याचा तिचा हा पहिलाच दिवस. शिरायामांचे कपडे म्हणजे तामेकाकांचं राज्य. युद्धाच्या आधीपासून त्यांच्याशिवाय दुसऱ्या कुणाचा हात त्या अंगाला लागला नव्हता. पण काकांची कंबर धरली होती. अंथरुणात पालथं पडून, उशीत तोंड खुपसून त्यांनी फुसाएला बजावलं होतं, "एक चूक झाली की तू परत मोजे धुवायला. सांगून ठेवतोय." मोज्यांच्या खोलीत फुसाएने पाच हिवाळे काढले होते. सामुराई, दरोडेखोर, भिक्षू आणि गणिका या सगळ्यांचे पांढरे मोजे शेवटी एकाच हौदात येतात, हे तिथे तिला समजलं होतं, आणि परत समजून घ्यायची इच्छा नव्हती.

शिरायामा धुरातून बाहेर आले आणि सवयीप्रमाणे दोन्ही हात पसरून तिच्यासमोर उभे राहिले. कपडे उतरवायला फुसाएने गळ्यापाशी हात नेला आणि तो तिथेच थांबला.

उजवा पदर वर होता.

किमोनोचा डावा पदर उजव्यावर येतो. पुरुषाचा, बाईचा, सम्राटाचा, हमालाचा, सगळ्यांचा. उजवा पदर वर येतो तो आयुष्यात एकदाच, आणि तेव्हा तो आपण घेतलेला नसतो. घरच्यांनी आपल्याला आंघोळ घालून, उत्तरेला डोकं करून निजवलेलं असतं. तीन वर्षांच्या पोराने खेळता खेळता तसा घेतला तर आई त्याच्या हातावर फटका मारते. आणि फुसाएने देशातला सगळ्यात महागडा नट प्रेतासारखा नेसवून लढाईला धाडला होता.

हे झालं कसं, ते तिला क्षणात उमगलं. लढाईच्या प्रसंगाआधी शिरायामा आपल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून उभे राहत, आणि त्यांच्या नि भिंतीच्या मधे कुणी यायचं नाही असा दंडक होता. तामेकाका मागून, नुसत्या हाताच्या सवयीने नेसवायचे. फुसाएला सवयीवर भरवसा नव्हता, म्हणून तिने भिंतीला आरसा टेकवून ठेवला आणि साहेबांच्या खांद्यावरून त्यात बघत काम केलं. नेसवून झाल्यावर एकदा खात्री करावी म्हणून आरशात पाहिलं तर पदर उलटा. बरं झालं वेळेत दिसलं, असं म्हणत तिने तो सोडला आणि 'नीट' केला. वरून इरलं घातलं. निष्काळजी असती तर काही बिघडलं नसतं.

"काय झालं?" शिरायामांनी विचारलं.

"काही नाही साहेब. गाठ घट्ट बसलीये."

* * *

कुठल्या नटाची कुठली बाही ओली होती, कुणाच्या कपाळावर रक्त कुठवर ओघळलं होतं हे सगळं ध्यानात ठेवायचं काम योनेकोचं. पुढच्या प्रसंगात ते तसंच दिसायला हवं, नाहीतर मान योनेकोची. फुसाएने तिला कपड्यांच्या पेट्यांमागे ओढत नेलं.

"योनेताई, तुला दिसलं नाही?"

"काय?"

फुसाएने सांगितलं. योनेको पेटीवर बसली.

"मी रडत होते गं!" ती म्हणाली. "इतक्या वर्षांत एकदा रडले. एकदाच! आणि तू आजचा मुहूर्त शोधलास?"

"परत घेता येणार नाही का?"

योनेकोने मैदानाकडे बोट दाखवलं. सुतार राखेवर पाणी मारत होते. वेस उभी करायला त्यांना अख्खा उन्हाळा लागला होता. तांबा भागातल्या डोंगरातलं एक जुनं देऊळ उतरवलं तेव्हा त्याचे वासे मिळाले होते, आणि देवळं काही रोज उतरवत नाहीत. त्यानंतर हवा तसा वारा सुटेपर्यंत सगळं युनिट लोणच्याबरोबर भाताचे गोळे खात बसून राहिलं होतं.

"कॅमेरा तर लांब होता ना?" फुसाए म्हणाली.

"एक लांब होता."

"आणि?"

"दुसरा शिरायामांच्या गळ्यापासून हातभर."

* * *

दुसऱ्या दिवशी सकाळी धुऊन आलेली फीत संकलनाच्या खोलीत पोचली, आणि फीत पोचायच्या आधी या दोघी. संकलक हिबिनो पांढरे हातमोजे घालून यंत्रापाशी बसला होता. चेहऱ्यावर रात्रभर कुणीतरी गोड गाणं ऐकवल्यासारखा भाव.

"बघितलं मी," तो म्हणाला. "सकाळपासून हेच बघतोय. न्याहारी राहिली. ते वर बघतात ना... कात्री लावायची नाही मी याला. अख्खंच्या अख्खं ठेवणार."

"हिबिनोसान, गळा बघा," फुसाए म्हणाली.

"डोळे बघ म्हणतो मी तुला!"

"गळा."

हिबिनोने यंत्र मागे फिरवलं, पुन्हा पुढे आणलं. इरलं उडालं. त्याने काचेवर नाक टेकवलं.

"प्रेक्षकांच्या लक्षात येईल?" योनेकोने विचारलं.

"मला नव्हतं आलं."

"मग झालं तर!"

"आता मला दुसरं काही दिसत नाहीये," हिबिनो म्हणाला. "तुम्ही दोघी का आलात इथे?"

तरी माणूस भला होता. त्याने पदर दिसतो तेवढा भाग वगळून बघितला. उरला धूर आणि गवताच्या चपला. "चपला उत्तम आल्यात," तो म्हणाला, "पण चपलांसाठी तिकीट कोण काढणार?" मग फुसाएच्याच डोक्यात कल्पना आली. आरशाने केलेला घोळ आरशानेच निस्तरावा. फीत उलटी करून यंत्रात घातली तर डावं उजवं होईल, उजवं डावं होईल, आणि पदर आपोआप सरळ!

हिबिनोने फीत उलटी घातली. धुरातून शिरायामा आले, इरलं फेकलं, आणि पदर खरोखरच सरळ, अगदी जिवंत माणसाचा.

"आलं!" फुसाए ओरडली.

"जरा थांब," योनेको म्हणाली.

शिरायामांनी तलवार उपसली ती उजव्या कमरेवरून, डाव्या हाताने. मागच्या निशाणावरची अक्षरं कुणीतरी पाण्यात वाचल्यासारखी उलटी फडफडत होती. आणि समोरून तलवारी परजत येणाऱ्या एकूण एक शत्रूंचा उजवा पदर वर होता.

"म्हणजे आता साहेब एकटे जिवंत," हिबिनो सावकाश म्हणाला, "आणि बाकी अख्खं स्मशान त्यांच्या अंगावर चालून येतंय."

योनेकोला हसू फुटलं. तिने बाहीने तोंड दाबलं, पण हसू थांबेना. मग हिबिनोलाही आवरेना. फुसाए तेवढी हसली नाही. ती यंत्राच्या काचेकडे बघत होती. उलटा असो, सुलटा असो, तो माणूस वर बघायचा तेव्हा तिच्या मानेवरचे केस उभे राहत होते. आपण हे नासवलंय, हे तिला त्या क्षणी खऱ्या अर्थाने कळलं. मोज्यांची खोली त्यापुढे काहीच नव्हती.

"सेन्सेईंना सांगायला हवं," ती म्हणाली.

"वेडी आहेस का?" योनेकोचं हसू थांबलं. "गर्दीतल्या हमालाच्या घामाला वास येत नाही म्हणून शूटिंग थांबवणारा माणूस आहे तो!"

"आधी शिरायामांना सांग," हिबिनोने सुचवलं. "ते वाघ. सेन्सेई म्हणजे भूकंप. वाघापासून सुरुवात कर."

* * *

वाघ आपल्या खोलीत उदोनच्या गरम शेवया खात होता. फुसाए दाराशी गुडघ्यांवर बसली आणि तिने कपाळ चटईला टेकवलं.

"साहेब, कालच्या त्या..."

"बोलू नकोस." शिरायामांनी वाडगा खाली ठेवला. "तुला काय सांगायचंय ते मला माहीत आहे."

"माहीत आहे?"

"इरलं फेकलं. गाठ बसलीये का म्हणून खाली बघतो तर काय, मी मेलेला!" त्यांचा आवाज खाली गेला. "आयुष्यभर पडद्यावर माणसं कापतोय, मरणाची भीती वाटणं काय असतं ते काल कळलं. आणि मग एकदम वाटलं, मेलोच आहे तर आता घाबरायचं कुणाला? वर बघितलं तर समोरचे सगळे मला पोरं दिसायला लागले. ते काही मी केलं नाही. ते झालं."

"काय माणूस आहे!" शिरायामा म्हणाले. "मला सांगितलं असतं तर मी नाटक केलं असतं. म्हणून मला न सांगता मारलं. तुला गुपचूप बोलावून सांगितलं ना सेन्सेईंनी?"

"नाही हो साहेब! माझ्याच हातून आरशात बघताना..."

"शपथ घातली असणार. मोडू नकोस." त्यांनी पुन्हा वाडगा उचलला. "फुशिमीहून साकेचं एक पिंप मागवलंय मी त्यांच्यासाठी. बोलून आभार मानले तर चिडतील. आता जा, उदोन गार होतोय."

* * *

दुपारी रशेस, म्हणजे धुऊन आलेली कच्ची फीत पडद्यावर बघायची वेळ. अंधाऱ्या छोट्या खोलीत पुढच्या रांगेत सेन्सेई, शेजारी शिरायामा, मागे बाकीचे. पिंप आधीच येऊन दाराशी उभं होतं आणि सेन्सेईंनी त्याकडे बघून काहीच विचारलं नव्हतं, हे काही चांगलं लक्षण नव्हतं.

पडद्यावर धूर आला आणि फुसाए आपण कोण, कशाला आलोय हे विसरली. ते वर बघणं आता भिंतीएवढं मोठं होतं. वेस जळत होती, आणि त्या उजेडात तो एक माणूस असा उभा होता, जसा कुणी आपलं सगळं आधीच देऊन आलेला असावा. कोसळणाऱ्या खांबाला आवाज नव्हता, तरी सगळ्यांनी अंग चोरलं.

दिवे लागले. सेन्सेई उठले, शिरायामांकडे वळले आणि कमरेत वाकले.

"मला न विचारता," ते म्हणाले, "प्रेताचा पदर घेऊन तुम्ही माझ्या कॅमेऱ्यासमोर आलात. काल मी बघितलं तेव्हा 'थांबवा' म्हणायला तोंड उघडलं होतं. आवाज आला नाही. हा माणूस लढायला नाही आलेला, मरून झाल्यावर आलाय. हे मी लिहायला हवं होतं. तुम्ही नेसून दाखवलंत."

शिरायामा गडबडून आणखी खाली वाकले. "सेन्सेई, ही थोरवी तुमची. मी निमित्त."

"तुमची!"

"छे छे, तुमची!"

मग दोघंही जमिनीवर गुडघे टेकून बसले आणि कपाळं टेकवली. आधी डोकं वर कोण काढणार असा प्रश्न पडला. दोघांनीही काढलं नाही. हिबिनो छताकडे बघत होता. योनेकोने फुसाएचं मनगट आवळून धरलं. "एक शब्द बोललीस तर बघ," ती पुटपुटली. "सगळं जमून येतंय."

पण फुसाएला राहवेना. खोटं बोलणं तिला जमलं असतं. दोन थोर माणसं आपल्यामुळे जमिनीवर नाक घासताहेत हे बघत बसणं जमेना. ती उभी राहिली.

"माझी चूक आहे ती," ती म्हणाली. आणि एकदा बोलायला लागल्यावर तिने सगळं सांगितलं. भिंत, आरसा, खांद्यावरून बघणं, आरशात डावं उजवं का दिसतं ते, आधी पदर बरोबर होता तो तिने कसा सोडला ते. काहीच गाळलं नाही.

दोन्ही डोकी वर आली.

सेन्सेईंनी फुसाएकडे बघितलं. मग शिरायामांकडे वळून हळूच म्हणाले, "तुमची माणसं! तुमचा मोठेपणा झाकायला ही पोरगी नोकरी पणाला लावते आहे."

"माझा नाही, तुमचा!" शिरायामांचे डोळे भरून आले. "आणि काय रचलंय हो! आरसाबिरसा!"

"खऱ्या चुका इतक्या नीटनेटक्या नसतात," सेन्सेई म्हणाले. "खाली बस मुली. तुझं मन कळलं."

फुसाए खाली बसली. खरं बोलून सुटका झाली नाही तर पुढे काय करायचं असतं, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

तेवढ्यात योनेकोच्या तोंडून "अगं बाई" निघालं. तिला आता आठवलं होतं. यानंतरचा प्रसंग, नदीकाठचा, मागच्याच आठवड्यात घेऊन झाला होता, आणि त्यात पदर सरळ होता.

"मला माहीत आहे," सेन्सेई म्हणाले. त्यांचे डोळे लकाकत होते. "म्हणूनच मधे एक जागा हवी. लढाई संपलीये. तो नदीवर येतो. आपल्या हातांनी पट्टा सोडतो, पदर फिरवतो आणि पुन्हा जिवंत होतो. तोंड दाखवायचं नाही. नुसते हात. शिरायामा, उद्या सकाळी."

शिरायामांचा चेहरा पडला.

* * *

शिरायामा नाटकवाल्यांच्या घराण्यात जन्मले होते. रांगत होते तेव्हापासून त्यांना कुणी ना कुणी नेसवत आलं होतं. तलवार ते झोपेत उपसून म्यान करत, पण कमरेचा पट्टा बांधायची वेळ त्यांच्यावर कधी आलीच नव्हती. कामो नदीच्या काठावर सकाळच्या कोवळ्या उन्हात ते गाठ सोडायला लागले की ती आवळली जायची, पदर धरायला जावं तर पट्टा पायात पडायचा, आणि एकदा तर सगळंच उघडं पडलं तेव्हा पलीकडच्या काठावर धुणं धुणाऱ्या बायकांनी टाळ्या वाजवल्या.

"सेन्सेई," शिरायामा शेवटी म्हणाले, "या हातांनी मरता येतं. जिवंत होता येत नाही."

मेजवानीत एक गंमत करतात. एकाच अंगरख्यात दोघं शिरतात. पुढच्याचं तोंड, मागच्याचे हात, आणि मागच्याने न बघता पुढच्याला शेवया भरवायच्या. तशीच फुसाए शिरायामांच्या पाठीमागे त्यांच्याच किमोनोत शिरली. तिने त्यांच्या बाह्यांतून हात बाहेर काढले. टोपवाल्याने तिच्या मनगटांवर डिंकाने केस चिकटवले, नखांत माती भरली, बोटांवर तलवारीचे घट्टे रंगवले.

तिला काहीच दिसत नव्हतं. नाकासमोर शिरायामांची पाठ, कानावर पाण्याचा आवाज. आरसा नव्हता. तिने गाठ सोडली. उजवा पदर धरला आणि तिची बोटं थांबली. हीच बाजू ना? पुन्हा चुकलं तर? बोटं कापायला लागली. मग तिने डोळे मिटून घेतले, उजवा पदर आत सरकवला आणि डावा हलकेच त्यावर आणून बसवला, एखाद्या झोपलेल्याच्या अंगावर पांघरूण घालावं तसा. पट्टा गुंडाळला. गाठ मारली. बोटं क्षणभर गाठीवरच राहिली, कारण ती उचलायची तिला हिंमत होईना.

पाठीच्या पलीकडून, फार लांबून आल्यासारखा आवाज आला.

"हं."

* * *

चित्रपट नव्या वर्षाच्या सुट्टीत लागला. तामेकाकांची कंबर आता बरी होती; काठी टेकत का होईना, ते फुसाएबरोबर शिन्क्योगोकूतल्या थिएटरात आले. वेस जळायला लागली तेव्हा त्यांनी काठी घट्ट धरली. उलटा पदर दिसला तेव्हा भरलेल्या थिएटरात एक लांबलचक श्वास ऐकू आला, आणि काकांनी हात जोडले. मग नदी आली. पडद्यावर ते दोन हात आले, मातीने भरलेले, कापणारे. पुढच्या रांगेतली एक म्हातारी मोठमोठ्याने रडायला लागली.

काका बाहेर आले. रताळी भाजणाऱ्याच्या गाडीपाशी ते थांबले.

"बघितलेस ते हात?"

"हो काका."

"इतकी वर्षं!" काकांनी काठी आपटली. "इतकी वर्षं मी त्या माणसापुढे वाकलो. उठताबसता गाठ माझी, पट्टा माझा. कंबरेची वाट लागली. आणि याला येत होतं! माझ्यापेक्षा चांगलं येत होतं! चोर आहे, चोर! नुसता हात पसरून उभा राहायचा!"

"काका, ते हात माझे होते."

काकांनी तिचा हात धरून गाडीच्या कंदिलाखाली नेला. पालथा करून पाहिला.

"केस कुठेत?"

"चिकटवले होते."

"पोरी," काका म्हणाले, आणि त्यांचा आवाज जरा मऊ झाला, "मालकाची बाजू घ्यावी. पण इतकी?" त्यांनी हात सोडून दिला. "मी उद्यापासून जाणार नाही. ज्याला स्वतःला नेसता येतं त्याला नेसवायला मी कशाला हवा? तू जा. आता ते अंग तुझं. फक्त एक कर, नेसवताना त्याच्या बोटांवर लक्ष ठेव. काहीतरी शिकशील."

"बरं," फुसाए म्हणाली, आणि तिने दोन रताळी घेतली.